जुन्या खेळांची पोथी

कोणतीहि नवी वस्तु घरांत आली म्हणजे तिच्याविषयीं दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक पक्ष तिला कलियुगाचें लक्षण समजून उंबऱ्याबाहेर घालवूं पाहतो. दुसरा पक्ष तिच्यावांचून आपण जगाच्या मागें पडूं या भीतीनें तिला थेट देवघरापर्यंत नेतो. वस्तूचा गुण कोणता आणि दोष कोणता हें शांतपणें पाहणारा तिसरा पक्ष नेहमींच लहान असतो, आणि एकत्र कुटुंबाच्या पंक्तींत तो बहुधा मुकाट्यानें जेवून उठतो. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या पक्षासाठीं आहे. त्याचा विषय आहे तळहातावर मावणारें खेळाचें यंत्र, ज्याला मुलें 'गेम कन्सोल' म्हणतात, आणि त्यांत भरून येणारे जुन्या व्हिडिओ गेमचे संग्रह.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु शाळेचा वेळ आपण मुलांस नेमून देतों, आणि खेळाचा वेळ तीं स्वतः निवडतात. जें मनुष्य स्वेच्छेनें निवडतो त्यानेंच त्याचा स्वभाव घडतो. म्हणून मुलांच्या हातीं कोणता खेळ द्यावा हा प्रश्न कोणतें पुस्तक द्यावें या प्रश्नाहून कमी महत्त्वाचा नाहीं.

आमचें सावेडी एके काळीं शहराबाहेरचें खेडें होतें. आज तें अहिल्यानगर महानगरपालिकेच्या हद्दींतील भरवस्तीचें उपनगर झालें आहे, आणि येथील खेळण्यांच्या व मोबाइलच्या दुकानांत मोठ्या शहरांत मिळणारी बहुतेक वस्तु मिळते. तेथें हें यंत्र खोक्यांतून टांगलेलें दिसतें. वर एक लहानसा पडदा, खालीं डाव्या बाजूस दिशा दाखविणारें अधिकचिन्हाच्या आकाराचें बटन, उजव्या बाजूस दोनचार गोल बटनें, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '४०० खेळ एकाच यंत्रांत' अशी ग्वाही. किंमत कांहींशें रुपये. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं पुतणे, भाचे, नातवंडें अशीं जमलीं असतां असें एक यंत्र घरांत आलें, आणि त्यावर घरांतील प्रत्येकाचें मत पडलें.

ज्यांचें बालपण १९९० नंतरच्या दशकांत गेलें त्या आमच्या मुलाला व पुतण्याला तें पाहून गहिंवर आला. त्या काळीं दूरचित्रवाणीसंचाला जोडावयाचीं यंत्रें होतीं. त्यांत 'कॅसेट' घालून खेळ लावीत, आणि ती लागली नाहीं तर तोंडानें फुंकर घालून पुन्हा बसवीत. तेच खेळ आतां खिशांत मावतात याचें त्यांस अप्रूप. सुनेचें मत व्यवहारी होतें: यांत जाहिरात नाहीं, अनोळखी मनुष्याशीं बोलणें नाहीं, पैसे मागणें नाहीं, तेव्हां मोबाइलपेक्षां हें बरें. मुलांच्या आजीनें मात्र यंत्र हातीं घेऊन, उलटसुलट पाहून, एकच प्रश्न विचारला: "हें संपतें केव्हां?" आणि बारा वर्षांच्या नातवानें दुसरा प्रश्न विचारला: "आजोबा, हे खेळ ज्यांनीं बनविले त्यांना याचे पैसे मिळाले का?"

या दोन प्रश्नांपलीकडे या विषयांत विचारण्यासारखें फारसें कांहीं नाहीं असें आमचें मत आहे. म्हणून त्यांचींच उत्तरें क्रमानें पाहूं. परंतु तत्पूर्वीं या यंत्राचें कुलवृत्त थोडें सांगितलें पाहिजे.

जपानांतील क्योतो नगरांत १८८९ सालीं निंतेंदो नांवाची एक पेढी निघाली. तिचा धंदा हातानें पत्ते तयार करण्याचा. ते पत्ते 'हानाफुदा' नांवाचे. बारा महिन्यांचीं बारा फुलझाडें, प्रत्येकाचे चार पत्ते, एकूण ४८. आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस हें वाचून आपलेपणा वाटेल. दशावतारी गंजिफा दहा अवतारांची, प्रत्येकाचीं बारा पानें, एकूण १२० गोल पानें. तीहि चिताऱ्यांच्या हातचीं. दोन देशांतील दोन हस्तकला एकाच जातीच्या. परंतु त्यांचें पुढील भाग्य निराळें झालें. सावंतवाडीची कला लोप पावण्याच्या बेतास आली असतां १९७० नंतरच्या वर्षांत तेथील राजघराण्यांतील शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं तिला पुन्हा आश्रय दिला, म्हणून ती आज पाहावयास मिळते. क्योतोच्या पेढीनें मात्र पत्ते न सोडतां यंत्रांच्या खेळण्यांत पाऊल टाकलें.

त्या पेढींत १९६५ सालीं गुनपेइ योकोइ नांवाचा एक तरुण लागला. त्याचें काम पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचें. पुढें तोच खेळणीं रचूं लागला. आगगाडींतील एक प्रवासी वेळ जात नाहीं म्हणून हिशेबाच्या छोट्या यंत्राचीं बटनें दाबीत बसलेला त्यानें पाहिला, आणि त्यावरून त्याला खिशांतील खेळाची कल्पना सुचली असें सांगतात. १९८० सालीं त्याचा 'गेम अँड वॉच' निघाला: एक खेळ आणि एक घड्याळ, इतकेंच. १९८९ च्या एप्रिलमध्यें 'गेम बॉय' निघाला, आणि आज दुकानांत टांगलेल्या यंत्रांचा तोच मूळपुरुष होय.

योकोइची विचारसरणी आमच्या मतें गृहिणींस विशेष पटेल. नव्यांत नवें व महागांत महाग तें घ्यावें असें तो मानीत नसे. जें तंत्र जुनें होऊन स्वस्त झालें आहे, ज्याच्या खोडी सर्वांस कळून चुकल्या आहेत, तेंच घेऊन त्याचा कोणालाहि न सुचलेला उपयोग करावा, हा त्याचा सिद्धांत. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता. त्यावर हिरवट छटेच्या चारच पायऱ्या दिसत. आडवे १६० व उभे १४४ एवढेच ठिपके. त्याच सुमारास दुसऱ्या कारखान्यांनीं रंगीत पडद्याचीं यंत्रें काढलीं. तीं सहा सेल घेत आणि थोड्याच तासांत ते संपवून टाकीत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून कितीतरी अधिक चाले. रंगीत पडदा हरला व काटकसर जिंकली. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून सुमारें ११ कोटी ८७ लाख यंत्रें जगांत खपलीं.

आतां आजीचा प्रश्न. हें संपतें केव्हां?

जुन्या खेळांचा मोठा गुण हाच कीं ते बहुधा संपतात. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळांत आठ प्रदेश आहेत, प्रत्येकांत चार मजल, एकूण ३२. शेवटीं राजकन्या सुटते आणि कथा पूर्ण होते. हा सगळा खेळ सुमारें ४० किलोबाइट इतक्या जागेंत बसतो. 'टेट्रिस' तर ३२ किलोबाइटांत बसतो. आजच्या मोबाइलवर काढलेलें एक साधें छायाचित्र जितकी जागा खातें तितक्या जागेंत सुमारें शंभर टेट्रिस मावतील. जागाच नसल्यामुळें रचणाऱ्यास एकेक चित्र, एकेक स्वर तोलून वापरावा लागे. सूत्रकारांना अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रोत्सवाचा आनंद होतो अशी व्याकरणशास्त्रांत प्रसिद्धि आहे. या खेळांच्या कर्त्यांस तो आनंद चांगला परिचित असला पाहिजे.

ज्या खेळांना कथेचा शेवट नाहीं त्यांनाहि एक सीमा असे. १९८० सालच्या 'पॅक-मॅन' खेळांत २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा अर्धा भाग अक्षरांच्या खिचडीनें भरून जातो आणि पुढें जातां येत नाहीं, कारण टप्पा मोजणारा आंकडा एका बाइटांत मावावयाचा, आणि त्यांत २५५ च्या पुढें मोजतां येत नाहीं. टेट्रिसांत वरून पडणारे तुकडे उत्तरोत्तर वेगानें पडतात, आणि खेळणारा शेवटीं हरतोच. परंतु साधारण खेळणारा दहापंधरा मिनिटांत हरतो. मग यंत्र बंद करून उठावें कीं पुन्हा मांडावें, हा निर्णय त्याचा. येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, 'आणखी एकदां' या मोहांत टेट्रिस कोणाहि नव्या खेळास हार जाणार नाहीं. जुना खेळ म्हणजे सात्त्विक खेळ असें समीकरण कोणीं मांडूं नये. परंतु तो मोह खेळाच्या रसांतून उत्पन्न होतो. तो विक्रेत्यानें हिशेब करून पेरलेला नसतो.

हा भेद महत्त्वाचा आहे. आज मोबाइलवर जे असंख्य खेळ फुकट मिळतात त्यांचें उत्पन्न जाहिरातींवर आणि खेळतांना होणाऱ्या किरकोळ खरेदीवर चालतें. म्हणून त्यांना शेवट असणें परवडत नाहीं. रोज येणाऱ्यास रोज बक्षीस, एक दिवस चुकला तर सांखळी तुटली. पुढें जाण्यास तासभर थांबा किंवा पैसे भरा. पेटी विकत घ्या, आंत काय निघेल तें दैवाधीन. या शेवटच्या प्रकारास बेल्जम देशाच्या जुगार-नियंत्रकांनीं २०१८ सालीं जुगारच ठरविलें. आपल्या संसदेनेंहि २०२५ च्या ऑगस्टमध्यें ऑनलाइन खेळांविषयींचा कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली. जागतिक आरोग्यसंघटनेनें तर खेळांचें अनिवार व्यसन ही एक व्याधि म्हणून आपल्या रोगसूचींत घातली असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आहे. या पार्श्वभूमीवर, ज्याला इंटरनेट लागत नाहीं, जें पुनः पुनः पैसे मागत नाहीं, आणि ज्यांतील खेळ एकदां विकत घेतला कीं संपूर्ण आपला होतो, असें यंत्र घरांत असणें हा वाईटांतून चांगला नव्हे, तर खरोखरच चांगला पर्याय आहे. आमच्या सुनेचें मत आम्हांस येथवर मान्य आहे.

परंतु त्यांतील खेळ 'आपला' होतो म्हणजे काय? येथें नातवाचा प्रश्न उभा राहतो.

जुने खेळ नव्या यंत्रांत येतात कसे? जुन्या कॅसेटींत एक चिप असे, आणि तिच्यावर खेळ कायमचा कोरलेला असे. त्या चिपवरील मजकूर जसाच्या तसा उतरून घेतला म्हणजे त्याची एक प्रत तयार होते. तिला 'रॉम' म्हणतात. नवें यंत्र जुन्या यंत्राची भाषा जाणत नाहीं. म्हणून त्यांत 'एम्युलेटर' नांवाचा एक प्रोग्रॅम घालतात, जो जुन्या यंत्राचें हुबेहूब सोंग घेतो. थोडक्यांत, रॉम ही पोथी आणि एम्युलेटर हा ती वाचणारा शास्त्री. पोथी अशुद्ध असेल किंवा शास्त्री कच्चा असेल तर श्रोत्यांस मूळ ग्रंथ कळावयाचा नाहीं.

दुकानांतल्या '४०० खेळां'ची पोथी कशी आहे हें मुलांनीं वही घेऊन तपासलें तेव्हां कळून आलें. एकच खेळ दोन दोन, तीन तीन नांवांनीं यादींत येतो. कोठें पहिल्या टप्प्यापासून आरंभ, कोठें चौथ्या टप्प्यापासून; एवढ्यावरच तो निराळा खेळ म्हणून मोजलेला. कोठें नायकाचें चित्र बदललेलें, कोठें मूळ कर्त्याचें व कारखान्याचें नांव पहिल्या पानावरून खरवडून टाकलेलें. कांहीं खेळांची गति मंद, तर कांहींचे सूर उतरलेले. गतीच्या या भेदाचें एक कारण मनोरंजक आहे: अमेरिका व जपान येथील जुने दूरचित्रवाणीसंच सेकंदाला ६० वेळां चित्र उमटवीत, आणि युरोपांतील ५० वेळां, म्हणून एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या झाल्या, व त्यांतील एक दुसरीच्या यंत्रावर लावली कीं तिची लय एकषष्ठांशानें चुकते. पोथ्यांतील पाठभेदांचाच हा प्रकार नव्हे काय?

आपल्या जिल्ह्यांतील वाचकांस याहून जवळचा दाखला सांगतां येईल. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, येथून जवळच प्रवरातीरीं नेवासें येथें सांगितली गेली. पुढें सुमारें तीनशें वर्षें तिच्या नकला होत राहिल्या, आणि प्रत्येक नकलकाराच्या हातून कांहीं गळालें, कांहीं शिरलें. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, पैठणच्या नाथांनीं प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि कोणीं आपल्या पदरचें त्यांत घालूं नये असें बजावून ठेवलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केली. तिच्यासाठीं १,२५९ हस्तलिखितें पाहण्यांत आलीं. ज्या समाजानें ग्रंथाच्या शुद्धतेसाठीं इतके श्रम केले, त्यांतील मनुष्यानें चारशें खेळांचा आंकडा पाहून भुलावें हें शोभत नाहीं. आंकडा हा संग्रहाचा गुण नव्हे. कोणी जाणत्यानें निवडलेले, मूळ रूपांत राखलेले, कर्त्यांच्या नांवांसह दिलेले तीस खेळ हे चारशांहून श्रेष्ठ.

असे संग्रह निघतात. निंतेंदोनेंच २०१६ सालीं आपल्या जुन्या यंत्राची लहान प्रतिकृति ३० निवडक खेळांसह काढली. ती दूरचित्रवाणीसंचास जोडावी लागे. २०२० सालीं सुपर मारिओला ३५ वर्षें झालीं म्हणून तोच खेळ तळहातावरच्या गेम अँड वॉचच्या रूपानें पुन्हा काढला. इंग्लंडांतील एका मंडळीनें त्याच वर्षीं 'एव्हरकेड' नांवाचें हातांतील यंत्र काढलें; त्याच्या प्रत्येक कॅसेटींत जुन्या कारखान्यांचे खेळ त्यांच्या रीतसर परवानगीनें घातलेले असतात, आणि सोबत छापील पुस्तिका येते. हीं यंत्रें बाजारी यंत्रापेक्षां बरींच महाग पडतात. परंतु त्यांत मूळ कर्त्याचा हिस्सा, संपादकाचे श्रम व शुद्ध पाठ या तिहींचें मोल आहे.

कर्त्याच्या हिश्श्याची गोष्ट टेट्रिसच्या इतिहासांत उत्तम दिसते. हा खेळ अलेक्सेइ पाजित्नोव्ह यानें १९८४ च्या सुमारास मॉस्कोंतील विज्ञानपरिषदेच्या संगणककेंद्रांत नोकरी करीत असतां रचला. सोव्हिएत राज्यांत त्याचे हक्क सरकारकडे गेले. १९८९ सालीं अमेरिकेंत प्रत्येक गेम बॉयबरोबर टेट्रिस देण्यांत आला, कोट्यवधि लोक तो खेळले, आणि रचणाऱ्यास त्याचा मोबदला नाहीं. हक्क त्याच्याकडे परत आले ते १९९६ सालीं. राज्याच्या व्यवस्थेमुळें जें त्याच्या बाबतींत झालें तेंच दुकानांतील स्वस्त यंत्र नफ्यासाठीं शेंकडों कर्त्यांच्या बाबतींत करीत असतें. तेव्हां नातवाला उत्तर द्यावें लागलें तें असें: नाहीं, या यंत्रांतील खेळांच्या कर्त्यांस बहुधा एक पैसाहि मिळालेला नाहीं.

कायदाहि येथें स्पष्ट आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतींतच गणतो, आणि साहित्यकृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. विकावयास निघालेल्या पहिल्यावहिल्या व्हिडिओ गेमलाहि अद्याप साठ वर्षें झालेलीं नाहींत. म्हणजे हे सर्व खेळ हक्कांनीं बांधलेले आहेत. ज्याच्याजवळ मूळ प्रत आहे त्यानें ती नष्ट होऊं नये म्हणून स्वतःपुरती नक्कल करून ठेवावी, एवढी मोकळीक कायदा देतो. विकण्याची देत नाहीं.

यावर नातवानें जो प्रतिप्रश्न केला तो सोपा नव्हता. "मग पोथ्या नकलून घेतल्या नसत्या तर ज्ञानेश्वरी उरली असती का? ती नक्कल चालते, आणि ही चालत नाहीं?" हा प्रश्न टाळण्यांत अर्थ नाहीं, कारण जगांतील जाणते लोकहि याच प्रश्नावर भांडत आहेत. अमेरिकेंतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेनें २०२३ च्या जुलैमध्यें पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत कोठेंहि मिळत नाहींत असें तींत आढळलें. कारखाने बुडाले, हक्क कोणाकडे गेले तें कळेना, चिपा कुजूं लागल्या, आणि खेळाची प्रगति जपणारा कॅसेटींतला लहानसा सेल संपला कीं ती प्रगतीहि पुसली जाते. अभ्यासकांना हे खेळ ग्रंथालयांतून दूर बसून पाहतां यावेत अशी सवलत त्या संस्थेनें व ग्रंथपालांनीं मागितली. अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीनें ती २०२४ च्या ऑक्टोबरांत नाकारली. अशा स्थितींत ज्या हौशी लोकांनीं पदरमोड करून चिपा उतरून ठेवल्या, त्यांच्यामुळेंच कित्येक खेळ उरले आहेत हें कोणासहि नाकारतां येणार नाहीं. ते लोक प्रत्येक प्रतीचा एक गणिती आंकडा काढतात आणि निरनिराळ्या प्रतींचे आंकडे जुळतात कीं नाहीं हें ताडून पाहतात; एका ठिपक्याचा फरक असला तरी आंकडा बदलतो. वेदपाठकांनीं पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनीं एकच मंत्र उलटसुलट म्हणून एक अक्षरहि ढळूं दिलें नाहीं, त्याच जातीची ही दक्षता आहे.

म्हणून आमचें उत्तर असें कीं, नक्कल या शब्दाखालीं दोन भिन्न कर्में येतात. एक राखण्याची नक्कल आणि दुसरी विकण्याची नक्कल. राखणारा मूळ कर्त्याचें नांव वर ठेवतो, पाठ शुद्ध ठेवतो, आणि आपल्यासाठीं त्यांतून कांहीं काढीत नाहीं. पोथीच्या शेवटीं नकलकार ग्रंथ कोणाचा आणि प्रत कोणत्या शकांत झाली तें लिहीत असे. ग्रंथ मीं रचला असें तो लिहीत नसे. विकणारा नांव खरवडतो, पाठ बिघडवितो आणि आंकडा फुगवितो. पहिल्याविषयीं कायदा आज ना उद्यां अधिक उदार झाला पाहिजे असें आम्हांस वाटतें. दुसऱ्याला 'संस्कृतिरक्षण' हें नांव घेण्याचा अधिकार नाहीं. दोहोंस एका मापानें मोजणें म्हणजे ग्रंथालय आणि रद्दीचें दुकान यांत भेद न करणें होय.

आतां गृहस्थाश्रमी वाचकांनीं प्रत्यक्षांत काय करावें, याविषयीं चार शब्द.

यंत्र घ्यावयाचें झाल्यास खोक्यावरील आंकड्याकडे पाहूं नये. शितावरून भाताची परीक्षा करावी. तीन खेळ लावून पाहावे. उडी मारण्याच्या खेळांत बटन दाबतांच नायक उडतो कीं किंचित् थांबून उडतो तें पाहावें; थांबत असेल तर मुलें चिडतील आणि दोष आपल्या हाताला देतील. संगीत बेसूर तर नाहीं ना तें ऐकावें. पहिल्या पानावर कर्त्याचें नांव व साल आहे कीं नाहीं तें वाचावें. हलक्या यंत्रांत सुटी लिथियम बॅटरी असते. ती फुगलेली दिसली कीं वापर तत्काळ थांबवावा, आणि उशाखालीं ठेवून यंत्र चार्ज करूं नये. ज्यांच्या माळ्यावर जुनें यंत्र व कॅसेटी पडून आहेत त्यांनीं त्या रद्दींत न घालतां कोरड्या जागीं नांव घालून ठेवाव्या. तोहि एक संग्रहच आहे, आणि त्याच्या मालकीविषयीं वाद नाहीं.

एकत्र कुटुंबांत प्रत्येक मुलाला स्वतंत्र यंत्र देऊं नये. घरांत एकच असावें. जुन्या खेळांची रचनाच पाळीची आहे: एकाचे तीन जीव संपले कीं दुसऱ्याची पाळी. पाळीची वाट पाहणें, दुसऱ्याचा खेळ पाहणें, त्याला उगाच न हिणवणें, हें शिक्षण पत्त्यांच्या डावांत व सोंगट्यांच्या पटावर आपल्या पिढीस मिळालें. तें येथेंहि मिळूं शकतें, पण यंत्र एकच असेल तरच. दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठीं एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसवूं नये, आणि त्याहून लहानांस तर मुळींच बसवूं नये, असें जागतिक आरोग्यसंघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे; मोठ्या मुलांसाठीं घड्याळाऐवजीं खेळाचीच सीमा वापरावी. "अर्धा तास खेळ" असें सांगण्यापेक्षां "दोन मजली संपव आणि यंत्र दे" असें सांगितलेलें मुलांस पटतें, कारण कथा अर्धी तोडली जात नाहीं. मोठ्यांनींहि कधीं एखादा डाव खेळावा. आमच्या घरांतील आजीबाई आतां टेट्रिस मांडतात. चौकोनी डबे फडताळांत नीट लावण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव पाठीशीं असल्यानें नातवंडांस त्यांची बरोबरी साधत नाहीं.

शेवटीं एका गोष्टीकडे तरुण वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. या सर्व संग्रहांत जपानचे, अमेरिकेचे, रशियाचे खेळ आहेत, आपले कोणते? ती उणीव भरून येण्यास आरंभ झाला आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें रचलेला 'राजी' हा खेळ २०२० च्या ऑगस्टमध्यें निंतेंदोच्याच हातांत धरावयाच्या 'स्विच' यंत्रावर प्रथम निघाला. महाबलासुराच्या सैन्यानें भावाला पळवून नेलें असतां त्याला सोडविण्यास निघालेली एक मुलगी त्याची नायिका आहे. आणखी तीस वर्षांनीं कोणी जुन्या खेळांचा संग्रह करूं लागेल तेव्हां त्यांत मराठी मुलुखांतील खेळ असावेत, आणि त्यांच्या पहिल्या पानावर त्यांच्या कर्त्यांचीं नांवें अभंग असावीं, असें ज्यास वाटतें त्यानें आज परक्यांच्या कर्त्यांचीं नांवें खरवडलेला माल विकत घेऊं नये. कांहींशें रुपयांची ही बाब आहे खरी. पण मुलें आपल्या व्याख्यानांवरून न्याय शिकत नाहींत, आपल्या खरेदीवरून शिकतात.